नववी ‘ब’ आणि नानांचा गाल

माझ्या थोरल्या भावाच्या गालाचा तुकडा मी नववी ‘ब’च्या वर्गाला वांगं म्हणून शिकवला. पस्तीस मिनिटांचा तास होता. पोरांनी आकृत्या काढल्या, मी त्या तपासल्या, गुण दिले आणि खाली झोकदार सही केली.

आता हे वाचून कोणाला वाटेल, हा माणूस पीटीचा नाहीतर चित्रकलेचा मास्तर असणार. तसं असतं तर निभावलं असतं हो! पण मी चाळीसगावच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवतोय, आणि त्यातही ‘पेशी आणि ऊती’ हा माझा हातखंडा धडा. पेशींपासून ऊती, ऊतींपासून अवयव, अवयवांपासून माणूस, हे मी झोपेतही सांगू शकतो (बायको म्हणते, सांगतोच). शाळेत माझा दरारा आहे तो मात्र एकाच गोष्टीसाठी. आकृती कितीही सुंदर काढा, तिला नावं दिली नाहीत किंवा चुकीची दिली की अर्धा गुण कापला. पालक भांडायला यायचे. मी त्यांना समजवायचो, अहो, अर्ध्या गुणाने काय फरक पडतो, पण शिस्त लागते. घरीसुद्धा प्रत्येक डब्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे. हळदीच्या डब्यावर ‘हळद’ लिहायला हे काय आंधळ्यांचं घर आहे का, असं बायको विचारते. मी तिकडे लक्ष देत नाही.

नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. एसटीत ड्रायव्हर होते. आमचे वडील लवकर गेले, आणि नाना डबल ड्यूटी करत राहिले म्हणून मी बी.एस्सी. झालो. डबल ड्यूटीत डोळा लागू नये म्हणून त्यांनी गालात तंबाखूची गोळी धरायला सुरुवात केली. रिटायर झाले, गाडी सुटली, गोळी नाही सुटली. म्हणजे हिशेब सरळ आहे. माझी डिग्री आणि त्यांची तंबाखू एकाच वर्षी सुरू झाली, आणि दोन्हींचा उपयोग पुढे काय झाला ते सांगतोच.

नोकरी लागली त्या पहिल्या दिवाळीत मी शाळेचा सूक्ष्मदर्शक घरी आणला होता. उगाच, ऐट करायला. काडेपेटीच्या काडीने नानांच्या गालाचं आतलं अस्तर हलकेच खरवडलं, काचपट्टीवर पसरलं, निळा रंग टाकला आणि म्हटलं, बघा, या तुमच्या पेशी. नाना एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत होते. फरश्या बसवाव्यात तशा सपाट पेशी, प्रत्येकीच्या मधोमध एक ठिपका. मग डोकं वर करून म्हणाले, “इतलाच का रे मी?” घरात सगळे हसले. मी त्यांना केंद्रक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांना त्यात काडीचा रस नव्हता, पण धाकटा भाऊ मास्तर झालाय म्हणून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

तर त्याच गालात अठ्ठावीस वर्षांनी गाठ आली. आधी पांढरा चट्टा होता, तो त्यांनी लपवला. मग एक दिवस वहिनींनी भरीत केलं आणि नाना म्हणाले, नको, तिखट लागतं. खानदेशात माणूस भरताला नको म्हणतो तेव्हा घरचे लोक डॉक्टर शोधायला लागतात. वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या, आणि मी आठवी ‘क’च्या तासावर होतो.

डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, तुकडा काढून तपासायला पाठवू. त्यांचा चेहरा मला आवडला नाही. बायोप्सी बुधवारी ठरली. नेमकं बुधवारीच धुळ्याला विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, आणि त्यात मी ‘स्थानिक साहित्यातून ऊतींची ओळख’ हा विषय मांडणार होतो. पुस्तकातले दाखले कशाला हवेत, आपलं भरताचं वांगं आहे की! वांग्याचा पांढरा गर म्हणजे मूल ऊती, पातळ भित्तिकांच्या गुटगुटीत पेशी. त्यासाठी वहिनींच्या परसातलं एक हिरवं वांगं सकाळीच चिरून त्याचा गर मी डबीत घेतला होता. फक्त तो टिकवायला फॉर्मालिन हवं होतं. म्हटलं, दवाखान्यात मिळेल.

मिळालं. आत नाना टेबलावर तोंड वासून बसले होते, आणि बाहेर मी दवाखान्यातल्या ब्रदरकडे फुकटचं फॉर्मालिन मागत होतो! त्याने बिचाऱ्याने एक छोटी बाटली भरून दिली, मी तिच्यात डाळीएवढा वांग्याचा गर टाकला. थोड्या वेळाने त्याने तशीच दुसरी बाटली आणली. तिच्यात तेवढाच तुकडा होता, तो नानांचा. नाना गालात कापूस धरून बाहेर आले. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांत भीती होती आणि ती मी त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाहिली. घाटात ब्रेक निकामी झाला होता तेव्हा सुद्धा म्हणे हा माणूस पान मागत होता.

डॉक्टर म्हणाले, आमचा माणूस शुक्रवारी नमुने घेऊन धुळ्याच्या लॅबला जातो, तो नेईल. मी म्हणालो, शुक्रवार कशाला, मी आत्ताच निघालोय. शिवाय हा माझा विषय आहे. हे शेवटचं वाक्य मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे देवाकडे बघावं तसं पाहिलं आणि विचारलं, “बठ्ठं चांगलं व्हई ना, भाऊ?” मी म्हणालो, वहिनी, मी आहे ना.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी दोन्ही बाटल्या पिशवीतून काढून पाहिल्या. नानांच्या बाटलीवरचं लेबल तिरकं होतं. नुसतं तिरकं नव्हे, बॉलपेनची शाई पसरलेली, ‘गाल’ लिहिलेलं पण डावा की उजवा याचा पत्ता नाही. माझ्या बाटलीवर तर लेबलच नव्हतं. अशी बाटली लॅबमध्ये द्यायची? माझ्या हातून? मी पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या, गम काढला (हो, मी प्रवासात गम बाळगतो), जुनं लेबल नखाने खरवडून काढलं, आणि मांडीवर वही ठेवून सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं. एका चिठ्ठीवर नानांचं पूर्ण नाव, वय, ‘डावा गाल, आतील बाजू’. दुसरीवर ‘वांगे, मूल ऊती’. दोन्हींखाली पट्टीने रेघ मारली. तेवढ्यात गतिरोधक आला आणि दोन्ही बाटल्या घरंगळत पुढच्या सीटखाली गेल्या.

पुढे एक म्हातारी बसली होती. तिने वाकून दोन्ही बाटल्या उचलल्या, लुगड्याला पुसल्या आणि “हाई घ्या तुमनं लोणचं” म्हणत माझ्या हातात दिल्या.

आता कोणती कुणाची? एखादा साधा माणूस घाबरला असता. परत फिरला असता, निदान डॉक्टरांना फोन केला असता. मी शास्त्रीय पद्धतीने निरीक्षण केलं. एक तुकडा तपकिरी होता, दुसरा पांढुरका. माणसाचं मांस तांबूस असतं, वांग्याचा गर पांढरा असतो. झालं तर मग! तपकिरीला नानांचं लेबल, पांढऱ्याला वांग्याचं. दोन्ही लेबलं अगदी सरळ बसली, एक बुडबुडा राहिला नाही. फॉर्मालिनमध्ये मांस फिकं पडतं हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. आणि वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं हे खानदेशातल्या कोणत्याही बाईला विचारा, पुढच्या सीटवरच्या म्हातारीला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. मला कोणाला विचारायची सवय नाही.

धुळ्यात उतरून आधी लॅबमध्ये गेलो. लेबल बघून तिथली मुलगी म्हणाली, सर, इतकं छान लिहून कोणी आणत नाही. माझी छाती फुगली. प्रशिक्षणात माझी पाळी जेवणानंतर होती, आणि जेवणानंतर सभागृहात मी, एक झोपलेले गुरुजी आणि पंखे एवढेच उरलो. म्हणून वांग्याचा तो नमुना न दाखवताच परत आणला. म्हटलं, वाया कशाला घालवायचा.

शुक्रवारी तो नववी ‘ब’ला दाखवला.

तुकड्याचा निम्मा भाग सुईने सोडवला, काचपट्टीवर दाबून पसरला, निळा रंग दिला. पोरांना रांगेत उभं केलं. फळ्यावर मूल ऊतींची आकृती मी आधीच काढून ठेवली होती, म्हणजे पोरांना सूक्ष्मदर्शकात काय दिसायला हवं ते आधी कळतं. एकेक पोरगं डोळा लावून ‘हो सर, दिसलं सर’ म्हणत जागेवर जाऊन फळ्यावरची आकृती उतरवत होतं. सगळं अगदी व्यवस्थित चाललं होतं. मग स्नेहलची पाळी आली. शेवटच्या बाकावरची, फारशी न बोलणारी मुलगी. ती नळीला डोळा लावून बसली ती उठेचना.

“सर, भित्तिका दिसत नाही.”

मी म्हटलं, नीट बघ. वनस्पती आहे म्हणजे भित्तिका असणारच.

“बघितलं सर. आणि केंद्रकं खूप मोठी आहेत. एकसारखी पण नाहीत. दाटीवाटीने आहेत.”

मी तिला बाजूला करून स्वतः डोळा लावला. खरं सांगतो, चष्मा टेबलावर होता. मला निळं दिसलं. मी म्हणालो, सुंदर मूल ऊती आहेत, पुस्तकात आहेत तशाच. तिने मान हलवली, जागेवर गेली, आणि फळ्याकडे न बघता आकृती काढली. संध्याकाळी जर्नल्स तपासली. एकोणचाळीस जणांनी सारख्या, भित्तिकांसकट, गुळगुळीत पेशी काढल्या होत्या. त्यांना दहापैकी दहा. स्नेहलच्या वहीत वेड्यावाकड्या पेशी, एकमेकींवर चढलेल्या, आणि त्यांच्यात काळीभोर केंद्रकं, कुठे एक, कुठे दोन. मी लाल पेनाने लिहिलं, ‘भित्तिका कुठे? केंद्रक एवढे मोठे नसते.’ आणि साडेनऊ.

इकडे घरात आठ दिवस कोणी धड जेवलं नाही. वहिनींनी सोमवार धरला, मग शनिवारही धरला. नाना ओट्यावर बसून राहायचे. तंबाखूची डबी खिशात होती, ती काढून हातात फिरवायचे आणि परत खिशात ठेवायचे. मी रोज संध्याकाळी जाऊन धीर द्यायचो. म्हणजे लग्नपत्रिकेच्या पाठीमागे आकृती काढून पेशींचं विभाजन समजवायचो. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, भास्कर, उद्या नाही आलास तरी चालेल.

गुरुवारी लॅबचा फोन आला. डॉक्टर मॅडमना समक्ष बोलायचंय. समक्ष म्हणजे काय ते आम्हाला कळलं. वहिनी देवापुढे बसल्या आणि आम्ही दोघं भाऊ धुळ्याला निघालो. वाटेत शिरूडच्या वळणावर ड्रायव्हरने गिअर उशिरा टाकला तेव्हा नाना चुकचुकले.

लॅबच्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि अवघडून म्हणाल्या, “सर, तुम्ही दिलेल्या नमुन्यात पेशीभित्तिका आहेत. हे माणसाचं नाही. वनस्पतीचं आहे.”

मी म्हणालो, “म्हणजे कॅन्सर नाही ना?”

अठ्ठावीस वर्षांचा अनुभव, आणि हे माझं वाक्य. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. नाना एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी सुजलेला गाल हाताने धरून विचारलं, “मना गालमा वांगं निंघनं का रे?”

मी बसमधली सगळी हकीगत सांगितली. लेबल, गम, गतिरोधक, म्हातारी, सगळं. आणि नाना हसायला लागले. तोंड दुखत होतं, तरी गाल दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मॅडमही हसल्या. मीही हसलो, कारण त्या खोलीत दुसरं काही करण्याजोगं नव्हतं. हसणं थांबल्यावर मॅडमनी विचारलं, मग दुसरी बाटली कुठे आहे? तेव्हा मला नववी ‘ब’ आठवली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी पुन्हा धुळ्याला गेलो, एकटाच. उरलेला निम्मा तुकडा, ती काचपट्टी, आणि का कोण जाणे, स्नेहलचं जर्नल सुद्धा घेतलं होतं. बाटलीवर ‘वांगे’ असंच लेबल होतं, त्याला मी हात लावला नाही. तोंडीच सांगितलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग मी जर्नल उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. म्हटलं, एका मुलीने या पट्टीवरून काढलंय, सहज दाखवतोय.

त्यांनी आकृती पाहिली. मग काचपट्टी त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बराच वेळ पाहिली. मग परत आकृती.

“कितवीत आहे ही?”

“नववीत.”

“बरोबर काढलंय,” त्या हळूच म्हणाल्या. पानावरच्या लाल शाईवर त्यांची नजर क्षणभर थांबली, आणि त्यांनी जर्नल मिटून माझ्या हातात दिलं.

छापील रिपोर्ट चार दिवसांनी आला. त्याची गरज नव्हती. मला त्या टेबलापाशीच कळलं होतं की माझ्या भावाला काय झालंय. एका चौदा वर्षांच्या पोरीने ते शुक्रवारीच बघून, काढून, वेळेत तपासायला दिलं होतं, आणि मी त्यावर लिहिलं होतं की असं नसतं.

वहिनी मला रागावल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या की वांगं काळं पडतं हो भाऊ, मला विचारायचं. आठ-दहा दिवसांच्या उशिराने काही फरक पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते ज्या सुरात म्हटलं तो सूर माझ्या ओळखीचा आहे. अर्ध्या गुणाने काय फरक पडतो, हे मी पालकांना त्याच सुरात सांगतो.

ऑपरेशन जळगावला झालं. डावा गाल जवळपास निम्मा काढावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा नानांचा चेहरा पट्ट्यांनी बांधलेला होता. मी स्टुलावर बसलो आणि मला रडू फुटलं. नानांनी खुणेने जवळ बोलावलं. शब्द नीट निघत नव्हते, पण अर्थ लागला. “डॉक्टरबी तुनासारखाच शे. अर्धा कापी लिन्हा.” आणि उरलेल्या अर्ध्या तोंडाने हसले.

त्यानंतर नाना चौदा महिने होते. भरीत त्यांना पुन्हा खाता आलं नाही. वहिनी भाकरी दुधात कालवून द्यायच्या आणि स्वतः पाठमोऱ्या बसून जेवायच्या. शेवटी गाठ मानेत उतरली. गेले तेव्हा मी उशाशी होतो. त्यांच्या औषधांच्या बाटल्यांवर एकही चिठ्ठी मी लावली नव्हती, सगळ्या वहिनींनी ओळखून ठेवल्या होत्या.

परवा दहावीचा निकाल लागला आणि स्नेहल दाखला न्यायला शाळेत आली. मला म्हणाली, सर, माझं नववीचं जर्नल तुम्ही परत दिलंच नाही, धाकट्या बहिणीला उतरवायला हवंय. ते माझ्या कपाटात होतं. मी काढून दिलं. तिने उभ्याउभ्या पानं चाळली आणि त्या पानावर थांबली. माझी लाल शेरेबाजी खोडलेली होती, साडेनवाचे दहा केलेले होते. खाली ‘वांगे, मूल ऊती’ हेही मी खोडलं होतं, आणि त्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं.

ती म्हणाली, “सर, इथं नाव काय लिहायचं?”

मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, राहू दे कोरं.

“पण नाव नसलं की तुम्ही अर्धा गुण कापता ना?”

“कापतो,” मी म्हणालो. “तो माझा कापलाय.”

तिला काही कळलं नाही. वेंधळा झालाय मास्तर, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि या पोरीला सूक्ष्मदर्शकाशिवायही बरोबरच दिसतं!